किसनभावजींनी माफी घेतली न्हाई

आमच्या किसनभावजींनी एकदा बाजेला शिक्षा दिली व्हती.

खोटं न्हाई सांगत. उठताना बाजेचा पाय त्यांच्या करंगळीला लागला. मंग काय, बाज उचलली आन् अंगणात उन्हात उभी केली. "ऱ्हाय इथंच आठवडाभर. घरच्या माणसाला मारती का?" आठवडाभर बाज उन्हात, आन् हे सोता भुईवर घोंगडी टाकून. कंबर धरली, वाकता येईना, तरी बाज आत घेतली न्हाई. मी म्हणलं, "भावजी, लाकडाला काय कळतं? तकलीफ तर तुमालाच होऊन राहिली." तर म्हणले, "वैनी, आज बाजेला सोडलं तर उद्या पाटा-वरवंटा अंगावर येईल."

चपलेचा अंगठा तुटला की चप्पल बाभळीला टांगायची. रेडिओनं पाऊस येणार म्हणलं आन् न्हाई आला, तर रेडिओ पोत्यात बांधून बकऱ्यांच्या कोंडवाड्यात ठिवला. "बकऱ्यांत ऱ्हा, तुला अक्कल येईल." टेंपो चालू न्हाई झाला की त्याच्याकडं पाठ करून बसायचे आन् भाकर खायचे, त्याला दिसावी अशी.

तोंडात एकच, "बराबर न्हाई हे." भाजीत मीठ कमी असलं तरी हेच, आन् देवळात आरती लवकर उरकली तरी हेच. गल्लीतल्या बायका त्यांना पाहून पदर तोंडाला लावून हसायच्या. मी न्हाई हसायची. मला त्यांच्यासंगं एका घरात ऱ्हायचं व्हतं.

ते माहे धाकटे दीर. आता न्हाईत, म्हणून सांगून राहिले. घरात तव्हा आमी तिघंच. माही सासू, ते आन् मी. मला लेकरू एक झालतं, ते जगलं न्हाई. आमचे मालक घरातली सगळी मेंढरं विकून हैदराबादकडं बांधकामावर गेले. एक-दोन पत्रं आली, मंग तीबी बंद झाली. कोणी म्हणलं तिकडंच घर केलं, कोणी म्हणलं आजारी हाय. खरं कोणालाच ठाव न्हवतं. भावजींनी उरलेल्या बकऱ्या संभाळल्या आन् एक जुना टेंपो घेतला. बाळापूरच्या बाजारात बकऱ्या न्यायच्या, कुरुंद्याची हळद आणायची, त्यावर आमचं तिघांचं चालायचं. लग्न न्हाई केलं. घरात दोन बाया बसून हायत म्हणल्यावर पोरगी कोण देतं? ते मात्र म्हणायचे, "मलाच पसंत न्हाई पडली."

हिंगोली जिल्हा नवा झाल्यानंतरची ही गोष्ट. भावजींच्या लायसनची मुदत सरली. त्यांनी जुनं लायसन हापिसात जमा केलं. तिथला बाबू म्हणला, "जा घरी. नवं डाकेनं घरपोच येईल." घरपोच! आमच्या वस्तीवर पोष्टमन मनात आलं तर यायचा. न्हाईतर पत्रं पिठाच्या गिरणीत ठिवून जायचा.

तर श्रावणात एक दिवस तो खरंच दारात आला. मी बकऱ्यांमागं गेलते, भावजी गाडीवर. सासू एकटीच उंबऱ्यात बसली व्हती. त्यानं तिच्या हातात एक खाकी पाकीट दिलं आन् सायकलवर टांग टाकून गेलाबी. सासूला वाचता येत न्हाई. पण तिनं पाकीट फिरवून पाहिलं आन् हंबरडाच फोडला. पाकिटाचा कोपरा फाटलेला व्हता.

आमच्याकडं मयताची खबर देणाऱ्या पत्राचा कोपरा फाडूनच धाडायचे. असलं पत्र उंबऱ्याच्या आत घ्यायचं न्हाई, बाहेरच कोणाकडून वाचून घ्यायचं आन् टाकून द्यायचं. सासू घाबरली. कोणी वाचेपस्तोर हातात धरायचीबी तिला हिंमत झाली न्हाई. तिनं ते तसंच मागच्या ओढ्यात फेकलं. ओढा भरून वाहून राहिला व्हता. मी आले तर म्हातारी छाती बडवून राहिलेली.

"कोण गेलं, आत्याबाई?"

"मला काय ठाव? कोणीतरी गेलंच की!"

घ्या आता. भावकी जमली. सगळ्यांनी अंघोळी केल्या. चुली इझवल्या. आन् रडायला बसलो तर कोणासाठी रडायचं तेच कोणाला कळंना. एक बाई आपल्या मावशीचं नाव घेऊन रडली, तर दुसरी म्हणली, "अगं, ती काल बाजारात भेटली की मला."

मंग माणसं धाडली चहूकडं. कुरुंद्याचा मामा गेला आसंल म्हणून भावजी सोता गेले. मामा वसरीत बसून जेवून राहिला व्हता. "मामा, तुमी जित्ते हायत का?" असं यांनी दारातूनच इचारलं. मामानं ताट सारलं. "काहून? तुला घाई हाय का?" त्या मामानं पुढं सालभर आमच्याशी बोलणं टाकलं. मामाच काय, एकेक करत सगळेच सोयरे जित्ते निघाले, आन् सगळ्यांनाच राग आला.

सगळे जित्ते. उरलं एकच माणूस, ज्याच्या घरी जाऊन इचारायला पत्ता न्हवता.

गयाबाई माही चुलत सासू, भावकीत थोरली. पहिल्यांदा तीच बोलली. "दुसरं कोण असणार? हिचाच दादला गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चार बाया घेऊन माह्या दारात आली, बांगड्या फोडायला. माणसाचं प्रेत न्हाई, पत्र न्हाई, निरोप न्हाई. ओढ्यात वाहून गेलेल्या एका कोपऱ्यावर मला रांडाव करायला निघाल्या. गयाबाईनं माहा हात धरलाबी. तिची पकड मला अजून आठवती. राग येतो तो त्याचाच. रडत आली असती तर मी समजले असते. ती नेमाचं काम उरकायला आल्यासारखी आलती.

भावजी कोंडवाड्यातून काठी घेऊनच आले. "बराबर न्हाई हे! हात सोडा वैनीचा. कोपऱ्यावर माणूस मरत न्हाई."

"किसना, रीत हाय."

"रीत वाचलेल्या पत्राला हाय. न वाचलेल्याला कोणती रीत? पाकीट आण आन् दाखव, मंग फोड बांगड्या. तव्हर माह्या उंबऱ्यावर पाय ठिवला तर बघ."

त्या दिवशी बाया परत गेल्या. पण सांजच्याला भावकी बसली. गयाबाईचे मालक सोपानतात्या थोरले, त्यांनी निवाडा दिला. "दिवाळीपस्तोर थांबू. तव्हर काही खबर आली तर बरी. न्हाई आली तर बांगड्या उतरवायच्या. आन् किसना, मंग तूच पाट लावून घे हिच्यासंगं. घरातलंच हाय. तुहीबी चूल पेटल."

आमच्यात रांडाव बाईचा धाकट्या दिराशी पाट लागतो, त्यात कोणाला नवल न्हाई. पण भावजी असे उठले की बुडाखालचं पोतं उडून पडलं. "बराबर न्हाई हे!" एवढंच म्हणले आन् निघून गेले. मी दाराआड उभी व्हते. मला वाटलं, आपण नको असू त्यांना. असू दे. मलाबी कुठं कोण पाहिजे व्हतं!

भादव्यात महालक्ष्म्या बसल्या. गयाबाईच्या घरी हळदीकुंकवाला मी गेले, कारण न जाणं म्हणजे कबूल करणं. तिच्या सुनेनं कुंकवाचं बोट माह्या कपाळापस्तोर आणलं, सासूकडं पाहिलं, आन् बोट पुढच्या बाईकडं वळवलं. मी परसाद खाल्ला, पाणी पेले, उठून आले. घरी येऊन सोताच्या हातानं कुंकू लावलं, रोजच्यापेक्षा मोठं.

त्याच आठवड्यात बाळापूरच्या चौकात ट्राफिकवाल्यानं भावजींचा टेंपो अडवला.

"लायसन?"

"डाकेत हाय."

"डाकेत म्हणजे?"

"म्हणजे माह्यापाशी न्हाई, हापिसात न्हाई, मधी कुठंतरी हाय. तुमी हुडका, मी थांबतो."

असं बोलल्यावर कोण सोडतं? पावती फाडली आन् टेंपो ठाण्यात लावला. दंड काही फार न्हवता. दुसरा कोणी असता तर भरून गाडी घेऊन आला असता. पण ज्या माणसानं बाजेला सोडलं न्हाई तो पोलिसाला सोडणार का? हे एस्टी धरून लायसनच्या हापिसात भांडायला गेले.

तिथला बाबू कागदं चाळून म्हणला, "तुमचं लायसन तर कव्हाच धाडलं. नागपंचमीच्या आधी."

"मला भेटलं न्हाई."

"मंग पोष्टाला इचारा. आमचं काम झालं."

भावजी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं. न भांडताच घरी आले. मला तर भीती वाटली, ताप-बीप आला का काय. सासूपुढं उकिडवे बसले.

"माय, नीट आठव. ते पाकीट हाताला जाड लागलं का पातळ?"

"जाड व्हतं रं. आत काहीतरी टणक."

"मयताच्या पत्रात टणक काय असतं?"

मी चुलीपुढं बसले व्हते, तव्यावरची भाकर तशीच टाकून उठले. ते पाकीट लायसनचं व्हतं. कोपरा कोणी फाडला न्हवता, डाकेच्या पोत्यात फाटला व्हता.

भावजी तसेच धावत गयाबाईकडं गेले. ती काय म्हणली? "किसना, तू घरचाच. तू तर असंच म्हणणार. सरकारचा शिक्का असलेला कागद दाखव, मंग पाहू." म्हणजे दादला मेला हे ठरवायला तिला कागद लागला न्हाई, आन् जित्ता असंल हे म्हणायला शिक्का पाहिजे!

मंग सुरू झालं भावजींचं. पोष्टमनला गिरणीत गाठलं. तो म्हणला, "कोपरा फाटलेला व्हता, व्हय. पण मी लेखी देणार न्हाई, माही नोकरी जाईल." मला या माणसाचा जेवढा राग हाय तेवढा गयाबाईचाबी न्हाई. तो आमच्याच मुलखातला. कोपऱ्याचा अर्थ त्याला ठाव. एवढं म्हणला असता, "आजी, सरकारी पाकीट हाय, घाबरू नको," तर त्याची सायकल काय बसून ऱ्हायली असती?

लायसनवाला बाबूबी लिहून देईना. "असं पत्र देण्याची पद्धत न्हाई." ठाण्यातला फौजदार म्हणला, "अरे बाबा, दंड भर, टेंपो घेऊन जा, दुसरं लायसन काढ."

"दंड भरला म्हणजे मी कबूल केलं, माहं लायसन आलंच न्हवतं. आलंच न्हवतं तर मंग ते पाकीट कशाचं व्हतं, तुमीच सांगा साहेब."

"कोणतं पाकीट?"

"तेच तर इचारून राहिलो!"

फौजदारानं हात जोडले आन् खटला कळमनुरीच्या कोर्टात धाडला.

टेंपो ठाण्याच्या आवारात चाकं बसून उभा. बकऱ्या चालवत बाजारात न्यायच्या, मी पुढं, भावजी मागं. हळदीचं भाडं दुसऱ्याला गेलं. दसरा गेला, सोनं द्यायला आमच्या दारात कोणी आलं न्हाई. कोर्टानं तारीख द्यायची आन् भावजींनी ऐकवून यायचं. एका तारखेला वकील म्हणला, "काका, कशाला डोकं लावता?" तर त्याला म्हणले, "तुमाला फी न्हाई दिली, मंग सल्ला काहून देता?"

दिवाळी तोंडावर आली तव्हा ते आमाला दोघींनाबी घेऊन गेले, साक्षीला. म्हातारी आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात. जज साहेब दिसायला पोरगंच, पण बोलायला सबुरीचा. पोष्टमनलाबी बोलावणं धाडलं व्हतं. तो मान खाली घालून भिंतीला उभा.

जज साहेब म्हणले, "आजी, पाकीट जाड होतं म्हणता. जाड म्हणजे किती?"

"भाकरीएवढं."

"पातळ भाकरी की जाड भाकरी?"

"साहेब, आमच्या घरात पातळ भाकर कोणी करत न्हाई."

सगळं कोर्ट हसलं. जज साहेबबी हसले. मंग पोष्टमनला पुढं घेतलं. शपथ घातल्यावर तो खरं बोलला. पाकीट लायसनच्या हापिसाचं व्हतं, शिक्का त्यानं पाहिला व्हता, कोपरा पोत्यातच फाटला व्हता. एवढं बोलायला त्याला अर्धा पावसाळा लागला.

जज साहेबांनी कागद बाजूला सारला. "ठीक आहे. दंड माफ. गाडी घेऊन जा."

भावजी जाग्यावरून हलले न्हाईत.

"माफी नको, साहेब."

"काय?"

"माफी चुकलेल्याला देतात. मी चुकलो न्हाई. तुमी लिहा, की लायसन डाकेनं आलतं, पाकिटाचा कोपरा डाकेत फाटला, आन् घरच्यांनी मयताचं समजून टाकलं. हे सगळं लिहा आन् शिक्का मारा. न्हाईतर दंड घ्या, टेंपो ठिवून घ्या. पण ते पाकीट कशाचं व्हतं ते लिहा."

"एवढं काय आहे त्या पाकिटात?"

भावजींनी माह्याकडं बोट केलं. माह्याकडं पाहिलं न्हाई, बोट तेवढं केलं. "या माह्या वैनी. दिवाळीला यांच्या बांगड्या फोडणार हायत. त्या पाकिटापायी."

कोर्टात कोणी हसलं न्हाई. मी पदर सारखा केला. जज साहेबांनी पुन्हा कागद ओढला आन् लिहायला घेतलं. लई येळ लिहीत बसले.

तो कागद सोपानतात्यांच्या ओट्यावर वाचला. वाचला शाळेच्या मास्तरनं, मोठ्यानं, सगळ्या भावकीपुढं. शिक्का सगळ्यांनी हात लावून पाहिला. मास्तर 'सदर पाकिटात लायसन होते' इथं आला तव्हा मी गयाबाईकडं पाहिलं. ती वाती वळून राहिली व्हती. म्हणली, "बरं झालं बाई." बस, एवढंच. जसं काही माही हरवलेली बकरी सापडली. मला अजून वाटतं, तिनं एकदा तरी माह्या दारात येऊन हात धरायला पाहिजे व्हता, जसा आधी धरला व्हता तसा. न्हाई आली. मरेपस्तोर न्हाई आली.

सोपानतात्या मात्र खुशीत व्हते. कागद घडी करून भावजींच्या हातात देताना डोळा बारीक करून म्हणले, "किसना, येडा रे येडा! तोंड बंद ठिवलं असतंस तर दिवाळीला तुह्या घरात बायको असती. कोर्टात जाऊन सोताचाच पाट मोडणारा तू पहिला!"

ओटा खदाखदा हसला. मी भावजींच्या तोंडाकडं पाहिलं. आता काठी निघणार, निदान 'बराबर न्हाई' तरी निघणार. काहीच न्हाई. त्यांनी कागद बंडीच्या खिशात घातला, चपला घातल्या, आन् चालायला लागले. त्यांचे कान लाल झालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो सोडवून आणला. चाकांत हवा भरली. मी चहा घेऊन गेले तर ते पुढच्या चाकापाशी बसले व्हते, माह्याकडं पाठ करून. हवा भरून झाली व्हती, तरी चाक चाचपून राहिले व्हते.

"वैनी."

"जी."

"तो बुढा काल म्हणला ते..."

"म्हणू द्या त्याला."

"न्हाई. ऐका." चाकावरून हात फिरवला त्यांनी. "दादा गेला असं खरं कळलं असतं, तर मी इचारलं असतं तुमाला. सोता. भावकीकडून न्हाई. फाटलेल्या पाकिटावर... तसं न्हाई मला जमलं."

मी म्हणलं, "चहा घ्या."

त्यांनी उभ्यानंच घेतला. कपबशी माह्या हातात न देता टेंपोच्या पायरीवर ठिवली आन् गाडी चालू केली. हळदीची पोती आणायला कुरुंद्याला जायचं व्हतं.

मालक कव्हा आले न्हाईत. जित्ते का मेले तेबी कळलं न्हाई, आन् भावजींनी तो विषय पुन्हा काढला न्हाई, मीबी न्हाई. एका घरात आमी म्हातारे झालो. पण त्या सकाळचं सांगते. गाडी वस्तीबाहेर पडून रस्त्याला लागली, धूळ खाली बसली, म्हातारी आतून ओरडून राहिली की दूध उतू चाललं, आन् मी तिथंच उभी व्हते, हातात उष्टी कपबशी घेऊन.